पहिली पाटी कोरेपर्यंत: कमी खर्चात घरचं सीएनसी कसं चालवावं

माझे वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर होते. मी पहिलं छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर कोरणारं मशीन, घरी आणलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी सहज उचललं, परत टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे लवणार." मला ते नुसतं नाव ठेवणं वाटलं. त्यात मशीन चालवायची अख्खी रीत आहे, हे कळायला पुढचे आठ महिने गेले.

कारखान्यातल्या मशीनचा बेड ओतीव लोखंडाचा असतो, वजन टनांत. बिट, म्हणजे मशीनचं फिरतं पातं, लाकडात शिरलं की लाकूडही बिटाला उलट ढकलतं. तो रेटा जड मशीन गिळून टाकतं. आपलं सात-आठ किलोचं मशीन तो रेटा आला की केसभर वाकतं. मग रेघ लाटेसारखी येते, कड फाटते, बिट मोडतं. जास्त पैसे टाकून मोठं मशीन घेता येत नसेल, तर रेटाच कमी ठेवायचा. खाली लिहिलेली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे. उदाहरण म्हणून दारावरची मराठी नावाची पाटी घेतली आहे. बहुतेकांना पहिल्यांदा तीच करायची असते, आणि देवनागरी कोरताना येणाऱ्या अडचणी इंग्रजी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही.

काय घ्यावं

"३०१८" नावाने विकली जाणारी मशीनं ही परवडणारी सुरुवात. ३०० गुणिले १८० मिलिमीटर हे त्याचं कामाचं क्षेत्र, वरखाली साधारण ४५ मिलिमीटर. स्पिंडल (बिट फिरवणारा भाग) म्हणून २४ व्होल्टची ७७५ मोटर, पुढे बिट पकडणारा ईआर११ कोलेट. हेच मशीन अनेक नावांनी आणि अनेक दर्जांत मिळतं. स्वस्तातल्या मशीनचे बाजूचे भाग काळ्या बेकेलाइटचे असतात, थोडे जास्त पैसे मोजले की ते ॲल्युमिनियमचे मिळतात. हा फरक नक्की मोजा. लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोहोचला हे मशीनला कळवणारे) आणि इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण सोबत असेल तर फारच चांगलं. लेझरचं डोकं, एलसीडीचा कंट्रोलर असल्या गोष्टींसाठी मात्र जास्त पैसे देऊ नका.

एकूण बजेटचा पाव हिस्सा मशीनबाहेर ठेवा. त्यातून चांगली बिटं, वर्निअर, गुण्या, गॉगल, मास्क, एमडीएफचा तुकडा आणि दुहेरी टेप येईल. माझी हीच चूक झाली होती. सगळे पैसे मशीनवर संपले, आणि पहिले तीन आठवडे बॉक्समध्ये आलेल्या बोथट बिटांशी झगडण्यात गेले.

घेण्याआधी एखादं चालू मशीन प्रत्यक्ष बघता आलं तर जरूर बघा. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, तिथे २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे अशा मशीनांची कार्यशाळा, आहे. बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतही आता छोटे सीएनसी राउटर असतात. अर्धा तास उभं राहून नुसता आवाज ऐकला तरी पुष्कळ कळतं.

या मशीनकडून काय मागायचं हेही आधीच ठरवा. एमडीएफ, पाइन, सागवान, ॲक्रिलिक, सर्किट बोर्ड हे सगळं नीट होतं. ॲल्युमिनियमवर उथळ अक्षरं निघतात, पण वेळ खातात. लोखंडाचं नाव काढू नका.

जोडणी: घाई इथेच नडते

बॉक्ससोबतचा कागद दोन तासांत जोडणी होते असं सांगतो. तुम्ही अख्खा रविवार द्या.

सांगाडा सपाट जागेवर जोडायचा. घरात सर्वात सपाट जागा बहुधा स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. तो रिकामा करून घ्या. आधी सगळे स्क्रू बोटाने लावा, आवळू नका. सांगाडा ओट्यावर ठेवून चारही कोपरे दाबून बघा. एखाद्या कोपऱ्याखाली वहीचा कागद सरकत असेल तर तो कोपरा वर आहे. सगळे टेकल्यावर सुताराचा गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले की मगच समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा, आणि परत मोजा. आवळताना सांगाडा हलतो, म्हणून दुसऱ्यांदा मोजणं टाळू नका.

नंतर कपलर. मोटरचा दांडा आणि अक्ष सरकवणारा लांब लीड स्क्रू यांना जोडणारा हा छोटा तुकडा आणि त्यातले बिनडोक्याचे इवले ग्रब स्क्रू सर्वात जास्त त्रास देतात. मोटरच्या दांड्याला सपाट बाजू असेल तर एक ग्रब स्क्रू बरोबर तिच्यावर आला पाहिजे. माझ्या एका पाटीत शेवटची दोन अक्षरं बाकीच्यांपेक्षा दीड मिलिमीटर खाली कोरली गेली. सॉफ्टवेअर, वायरिंग, मोटर सगळं तपासलं. शेवटी वाय अक्षाच्या कपलरचा एक ग्रब स्क्रू पाव फेरा ढिला निघाला. तेव्हापासून दर दहा तासांच्या कामानंतर मी सगळे ग्रब स्क्रू ॲलन कीने तपासते.

लीड स्क्रूच्या नटात किंचित प्ले असतो, म्हणजे दिशा बदलली की स्क्रू थोडा फिरतो पण बेड हलत नाही. बऱ्याच मशीनना स्प्रिंग लावलेला दुहेरी नट येतो, तो नीट बसवा. हाताने बेड पुढेमागे ढकलून पाहा. टकटक जाणवली तर ती इथेच घालवा, पुढे सॉफ्टवेअरमध्ये ती झाकता येणार नाही.

वीज

अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लावा. मशीन चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, मोटरला करंट देणारा ड्रायव्हर जागच्या जागी जळतो.

बहुतेक बोर्डांवर ए४९८८ जातीचे ड्रायव्हर असतात, त्यांच्यावरच्या इवल्या स्क्रूने मोटरला जाणारा करंट ठरतो. मल्टिमीटरने त्या स्क्रूवरचा व्होल्टेज मोजायचा. ड्रायव्हरवरचे सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचे असतील तर हवा तो करंट गुणिले ०.८ हा आकडा तिथे दिसायला हवा, म्हणजे ०.८ अँपिअरसाठी ०.६४ व्होल्ट. रेझिस्टर वेगळा असला तर हिशोब बदलतो, म्हणून आधी त्यावरचा आकडा वाचा. मल्टिमीटर नसेल तर सुरुवातीला कंपनीच्या सेटिंगला हात लावू नका. अर्ध्या तासानंतर मोटरवर पाच सेकंद हात ठेवता आला की ठीक चाललंय.

यूएसबीची केबल आखूड आणि फेराइटचा गोळा असलेली घ्या. स्पिंडलच्या मोटरमुळे होणाऱ्या विजेच्या खरखरीने लॅपटॉपशी संपर्क तुटतो आणि काम मध्येच मरतं. लॅपटॉपचं झोपी जाणंही बंद करून ठेवा.

सॉफ्टवेअर, जे सगळं फुकट आहे

मशीनच्या बोर्डात जीआरबीएल नावाचा प्रोग्राम असतो. सिमेन स्वाले स्कोग्सरुड या नॉर्वेच्या माणसाने तो २००९ मध्ये अर्ड्युइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डासाठी लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. आज एवढ्या कमी पैशांत सीएनसी घरी येतं, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

तुम्हाला तीन गोष्टी लागतील. रेखाटायला इंकस्केप. त्यातून बिटाचा मार्ग काढायला फ्रीकॅड किंवा ब्राउझरमध्ये चालणारं किरी-मोटो. अक्षरं व्ही-बिटाने (व्ही आकाराच्या टोकदार बिटाने) कोरायची तर त्याऐवजी एफ-एन्ग्रेव्ह. आणि तयार झालेला जी-कोड (हालचालींच्या आज्ञांची फाइल) मशीनला पाठवायला कँडल किंवा युनिव्हर्सल जी-कोड सेंडर. बरेच बोर्ड सीएच३४० चिप वापरतात, तिचा ड्रायव्हर प्रोग्राम लॅपटॉपमध्ये टाकल्याशिवाय लॅपटॉपला मशीन दिसत नाही. संपर्काचा वेग (बॉड रेट) ११५२०० ठेवा.

जोडणी झाली की सेंडरमध्ये पहिल्यांदा $$ असं टाइप करून एंटर दाबा. सगळ्या सेटिंगची यादी येईल. ती वहीत उतरवा किंवा फोटो काढा. पुढे कधी गोंधळ झाला तर हीच यादी वाचवते.

मग एकेक अक्ष हलवून बघा. इथे प्रत्येक नवा माणूस अडखळतो, कारण या मशीनमध्ये वाय दिशेला बिट हलत नाही, बेड हलतो. तुम्ही वाय वाढवलात की बेड तुमच्याकडे यायला हवा, म्हणजे बेडच्या मानाने बिट मागे गेलं. एक्स वाढला की बिट उजवीकडे, झेड वाढला की वर. एखादा अक्ष उलटा चालला तर वायर उलटवत बसू नका, तीन क्रमांकाच्या सेटिंगने दिशा बदलते.

बिटाऐवजी पेन

स्पिंडलला रबराने बॉलपेन बांधा, बेडवर कागद चिकटवा आणि १०० मिलिमीटरचा चौकोन काढायला सांगा. बाजू १०० आणि दोन्ही कर्ण १४१.४ आले पाहिजेत. बाजू बरोबर पण कर्ण वेगवेगळे असतील तर सांगाडा गुण्यात नाही, परत ओट्यावर जा.

बाजूच चुकीची येत असेल तर लोक लगेच सेटिंगमधला आकडा बदलतात. थांबा आणि हिशोब करा. मोटरचा एक फेरा २०० पायऱ्यांचा, ड्रायव्हर प्रत्येक पायरीचे १६ भाग करतो, म्हणजे ३२००. लीड स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर पुढे जातो. ३२०० भागिले ४ म्हणजे ८००. $१००, $१०१ आणि $१०२ या ओळींत ८०० असेल तर आकडा बरोबर आहे, आणि चूक ढिल्या कपलरमध्ये, नटाच्या प्लेमध्ये किंवा तुमच्या मोजण्यात आहे. तुमच्या लीड स्क्रूचं लीड वेगळं असेल तर आकडाही वेगळा हवा. पट्ट्यांच्या मशीनला हा आकडा मोजून सुधारावा लागतो. स्क्रूच्या मशीनला सहसा लागत नाही.

पेनने दोन-तीन दिवस रेखाटत राहा. काही मोडत नाही, आणि मशीनची भीती जाते.

बेड सपाट, स्पिंडल उभा

बेडवर १२ मिलिमीटरचा एमडीएफ स्क्रूने बसवा. बिट आरपार गेलं तर ते यात जाईल, बेडला धक्का लागणार नाही. स्पिंडल सरळ उभा आहे का हे बघायला सायकलची जुनी तार काटकोनात वाकवून कोलेटमध्ये धरा. विजेची पिन काढलेली असू द्या. तार हाताने गोल फिरवा आणि चारही बाजूंना तिचं टोक बेडपासून किती वर राहतं ते कागदाच्या तुकड्याने तपासा. एका बाजूला कागद अडकला आणि दुसऱ्या बाजूला सरकला तर स्पिंडल कललेला आहे. त्याच्या पट्टीखाली पेप्सीच्या कॅनचा पत्रा शिम म्हणून घाला. मग त्या एमडीएफवरून मोठ्या बिटाने अर्ध्या मिलिमीटरचा एक हात फिरवा. आता बेड स्पिंडलच्या चालीला खरा समांतर झाला.

बिट, वेग आणि भुसा

सुरुवातीला तीन जातींची बिटं पुरतात: लाकूड आणि ॲक्रिलिक कापायला ३.१७५ मिलिमीटर शँकचं (दांड्याचं) एका धारेचं बिट, अक्षरांसाठी ६० अंशांचं व्ही-बिट, आणि २ मिलिमीटरचं बारीक बिट. कार्बाइडचीच घ्या. पुण्यात बुधवार पेठ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सचं सामान, तर हत्यारांसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट. तिथे हातात घेऊन धार बघून घेता येते.

फीडचं, म्हणजे बिट पुढे सरकायच्या वेगाचं, सूत्र सोपं आहे. स्पिंडलचे मिनिटाचे फेरे गुणिले बिटाच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायचा कपचा. १०००० गुणिले १ गुणिले ०.०५ म्हणजे मिनिटाला ५०० मिलिमीटर. एमडीएफ आणि मऊ लाकडासाठी इथून सुरुवात करा, खोली दर फेरीला अर्धा मिलिमीटर. सागवानात खोली थोडी कमी ठेवा. सागवानात सिलिका असते आणि धार लवकर जाते.

नवशिके घाबरून फीड फार कमी करतात. त्याने बिट कापत नाही, घासतं, तापतं आणि लाकूड काळं पडतं. कमी करायची ती खोली, फीड नाही. खात्री हवी असेल तर भुसा चिमटीत घ्या. एमडीएफचा भुसा तसाही बारीकच असतो, पण लाकडाचा पिठासारखा आला तर बिट घासतंय, रव्यासारखा आला तर कापतंय. ॲक्रिलिकचे छोटे कोरडे कपचे उडायला हवेत. बिटाला चिकट गोळा लागला तर फीड वाढवा किंवा फेरे कमी करा. ॲक्रिलिक घेताना कास्ट ॲक्रिलिक मागून घ्या, दुसरं लवकर वितळतं.

देवनागरी पाटी

इंकस्केपमध्ये नाव युनिकोड फाँटमध्ये टाइप करा. एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेला 'मुक्त' किंवा 'बलू' हा फाँट मोफत मिळतो. त्यांच्या रेघा जाड आहेत, कोरायला सोप्या जातात. बारीक-जाड रेघांचे सुंदर कॅलिग्राफीचे फाँट पुढे कधीतरी.

टाइप केल्यावर अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे रेषांच्या आकृतीत, रूपांतर करा. आता आउटलाइन दृश्य लावून नीट बघा. प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेघ घेऊन आलेलं असतं, आणि शेजारच्या शिरोरेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर ती सलग रेघ दिसते. मशीनला मात्र त्या वेगळ्या आकृत्या दिसतात, आणि प्रत्येक जोडावर ते एक उभी चीर पाडतं. काना, वेलांटी, मात्रा जिथे टेकतात तिथेही तेच. म्हणून सगळे पाथ निवडून युनियन करा. शिरोरेघ एकसंध झाली, अक्षरांच्या पोटातल्या जागा शाबूत राहिल्या आणि अनुस्वार वेगळा टिंब म्हणून उरला, म्हणजे फाइल तयार. ती डीएक्सएफमध्ये काढून एफ-एन्ग्रेव्हला द्या. तिथे थेट मराठी टाइप करायला जाऊ नका, जोडाक्षरं तुटतात.

व्ही-बिट रेघेच्या रुंदीनुसार खोल जातं. ६० अंशांच्या बिटाला ६ मिलिमीटर रुंद रेघेसाठी ५.२ मिलिमीटर खोल जावं लागतं, ९० अंशांच्या बिटाला फक्त ३. पाटी १२ मिलिमीटरची असेल तर काही हरकत नाही, पण ६ मिलिमीटरच्या प्लायवर जाड फाँट घेतलात तर बिट जवळजवळ आरपार जाईल. कोरण्याआधी हा हिशोब वहीत करा. लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी किंवा गावच्या वखारीत उरलेल्या तुकड्यांतून स्वस्त मिळतं. फर्निचरवाल्या सुताराशी ओळख ठेवा, माझं निम्मं लाकूड तिथूनच येतं.

जॉब पकडणं, झिरो घेणं

क्लॅम्प वापरलात तर तो बिटाच्या वाटेत येत नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. छोट्या पाटीसाठी मला क्लॅम्पपेक्षा दुसरी रीत आवडते: बेडला मास्किंग टेप, जॉबच्या (कोरायच्या तुकड्याच्या) पाठीला मास्किंग टेप, आणि दोन्ही टेपांच्या मध्ये फेविक्विकचे थेंब. अर्धा मिनिट दाबून धरा. घट्ट बसतं, आणि काम झाल्यावर टेप सोलली की लाकडावर डाग राहत नाही.

एक्स आणि वायचा झिरो, म्हणजे मोजणी सुरू होण्याची जागा, पाटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर. झेडसाठी बिटाखाली वहीचा कागद धरून ०.०१ च्या पायऱ्यांनी खाली या. कागद ओढताना जड लागला की तिथे बिट साधारण ०.१ मिलिमीटर वर आहे. एवढा फरक पाटीला चालतो. सर्किट बोर्डाला चालत नाही, तिथे कँडलमधलं हाइट-मॅप (पृष्ठभागाची उंची जागोजागी मोजून घेणं) लागतं.

मग अख्खं काम एकदा हवेत चालवा: झेडचा झिरो १० मिलिमीटर वर धरून, स्पिंडल बंद. बिट पाटीच्या हद्दीत राहतं का, क्लॅम्पला जातं का, दिशा बरोबर आहे का, सगळं दिसतं. एकदा मी हे टाळलं आणि पहिल्याच उडीत बिट क्लॅम्पवर आपटलं. त्याचा तुकडा गॉगलवर येऊन लागला. गॉगल नसता तर आज हे लिहिताना मला एकाच डोळ्याने दिसलं असतं.

चालवताना

हातमोजे घालू नका, फिरता स्पिंडल ते ओढून घेतो. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस नकोत. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि त्यातल्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. एन९५ मास्क लावा आणि व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप बिटाजवळ बांधा. सोबत लेझर आला असेल तर त्याच्या तरंगलांबीचा गॉगल असल्याशिवाय तो लावू नका, आणि रेग्झिन किंवा पीव्हीसी लेझरखाली कधीही ठेवू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

मशीन चालू असताना खोलीतून बाहेर जाऊ नका. एक हात लाल बटणाजवळ, कान आवाजाकडे. सलग घूं घूं चाललं तर ठीक. खडखड आली तर जॉब सुटतोय, कर्कश किंचाळी आली तर धार गेली किंवा खोली जास्त झाली. जळका वास आला तर विचार करत बसू नका, आधी बटण दाबा.

मध्येच लाइट गेली तर? युनिव्हर्सल जी-कोड सेंडरने घेतलेला कामाचा झिरो जीआरबीएल लक्षात ठेवतं, पण मशीन स्वतः कुठे उभं आहे ते विसरतं. लिमिट स्विच बसवलेले असतील तर लाइट आल्यावर होमिंग करा (मशीन स्विचांना टेकून आपली जागा परत शोधतं), म्हणजे जुना झिरो जसाच्या तसा परत मिळतो आणि फाइल मधल्या ओळीपासून पुढे नेता येते. त्या ओळीआधी स्पिंडल सुरू करायचा आदेश हाताने द्यायला विसरू नका. लिमिट स्विच नसतील तर पाटीचा कोपरा परत शोधावा लागतो, आणि अक्षरं किंचित सरकतातच. गावाकडे राहत असाल तर लेझरऐवजी हे स्विच आधी घ्या.

रंग

कोरण्याआधीच पाटीवर सगळीकडे मास्किंग टेप लावून ठेवली असेल तर तिच्यातूनच कोरा. काम झालं की पाटी बेडवरून न काढता खोबणी ब्रशने साफ करा, शेलॅकचा एक पातळ हात द्या आणि वाळू द्या, म्हणजे रंग लाकडाच्या रेषांत पसरत नाही. मग काळा किंवा पांढरा ॲक्रिलिक रंग भरा. पूर्ण सुकायच्या आधी, रंग अजून किंचित ओला असतानाच वरची टेप शिरोरेघेच्या दिशेने हळू सोला. सुकल्यावर सोललीत तर कडेचे पापुद्रे सोबत येतात. उरलेला रंग दिवसभर सुकू द्या, वरून २२० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात, आणि जवसाच्या तेलाचे दोन हात. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.